वाफ घेताना दिलेलं उत्तर

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली, आता घरात सांगायला कुणी उरलं नाही — म्हणून तुम्हाला सांगतोय असं समजा. पण तेही पुरतं खरं नाही. ती होती तेव्हा तरी कुठे सांगितलं?

पवनारला आमच्या घराला लागून कमलकाकूचं घर. मध्ये दोघांची सामायिक विहीर, आणि विहिरीपलीकडे काकूच्या परसात निलगिरीचं उंच झाड. काका रोपवाटिकेत कामाला होते, त्यांनी लावलेलं. काका वारल्यावर काकू धुण्याचं उरलेलं पाणी नेमानं त्याच्या बुंध्याशी ओतायची. गळून पडलेली साल बंब पेटवायला घ्यायची. गल्लीत कुणाला सर्दी झाली की पाला तिच्याकडचा. लहानपणी मला वाफ दिली तीही तिनंच.

एका उन्हाळ्यात माझ्या परसातलं लिंबूचं झाड वाळलं. विहीर तळाला गेली होती. चार लोकांत मी बोलून गेलो, ही निलगिरीच सगळं पाणी पिते. काकू तिथंच बादली ओढत होती.

"काऊन रे विनू, लिंबाले पाणी तू घातलं नाई, अन् माह्या झाडाले कायले बोलून राह्यला? दिवसभर तं फोन कानाले असते तुह्या, का फोनवरूनच पाजत होता त्याले?"

लोक हसले. तीही हसली. मीही हसलो — आणि लोकांचं ते हसणं मी विसरलो नाही. एवढंच कारण. पाण्याचं म्हणाल तर ते मी नंतर स्वतःला सांगायला शोधलं. त्या साली गल्लीतल्या सगळ्याच विहिरी आटल्या होत्या, हे मला दिसत नव्हतं का?

पुढे काकू लेकीच्या बाळंतपणाला चंद्रपूरला गेली. किल्ली माझ्याकडे दिली. "झाडाले पाणी घालत राह्यजो, बापा." मी हो म्हटलं.

पाणी घातलं नाही — एवढंच सांगून थांबता आलं असतं तर किती बरं होतं. पण एवढं मोठं झाड त्यानं मरत नाही. मी बुंध्याजवळची माती कुदळीनं ओढली. मातीखाली येईल असा सालीचा वीतभर रुंदीचा पट्टा चहूबाजूंनी सोलला, पांढरं लाकूड उघडं पडेपर्यंत. मग माती सारखी केली, वर पाचोळा पसरला. दिवसाढवळ्या. कुणी विचारलं असतं तर आळं करतोय म्हणालो असतो. कुणी विचारलं नाही.

काकू परतली तेव्हा शेंडे वाळायला लागले होते. पण निलगिरी चिवट. सोललेल्या पट्ट्याच्या खालून, मातीतून, लालसर कोंब वर येऊ लागले. ते वाढले असते तर झाड पुन्हा उभं राहिलं असतं. मी सकाळी पाणी भरायला म्हणून जायचो आणि ते खुडून टाकायचो. एकदा आलेला राग समजू शकतो माणूस. पण रोज सकाळी उठून केलेला? त्याला राग तरी म्हणायचं का?

बोटांना वास राहायचा. एकदा तो काकूला आला.

"सर्दी झाली काय रे?"

हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होतो? तिनं मला ओट्यावर बसवलं. एकच फांदी हिरवी उरली होती. तिचा पाला आकडीनं पाडला, गंजात पाणी घेऊन उकळला, माझ्या डोक्यावरून चादर टाकली. मी आत, वाफेत. बाहेरून तिचा आवाज आला —

"विनू, एक इचारू? मी ते धुण्याचं सोड्याचं पाणी टाकत होती ना... त्यानंच मरून राह्यलं का रे ते? माह्याच हातानं?"

चादर बाजूला सारता आली असती. सारावीशी वाटली का? खूपदा आठवून पाहिलं — नाही. उलट हायसं वाटलं. उत्तर आयतं मिळालं होतं.

"हो काकू," मी आतूनच म्हणालो. "तसंच वाटते."

तिनं चादरीची कड खाली ओढली. म्हणाली, "तोंड आत ठेव. वाफ जाऊन राह्यली."

झाड तोडलं तेव्हा सरळ फांद्यांच्या बल्ल्या तिनं मलाच दिल्या, वालाच्या मांडवासाठी. स्वतः मात्र परसात पुन्हा काही लावलं नाही. वांगी नाही, कोथिंबीरसुद्धा नाही. माह्या हाताले आता काही लागत नाई, म्हणायची. मग लेकीनं तिला चंद्रपूरला नेलं. लेक सांगते, गच्चीतल्या कुंड्यांना आई हात लावत नाही.

तिच्या घराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. संध्याकाळी मी त्याच बल्ल्यांच्या मांडवाखाली बसतो. या गल्लीत मला नावानं हाक मारणारी ती एकच होती.

परवा तिचा फोन आला. ऐकू कमी येतं, म्हणून मोठ्यानं बोलते. "विनू, झाड गेल्यावर विहिरीले पाणी तं आलं ना रे?"

विहीर याही उन्हाळ्यात तळालाच आहे.

"आलं काकू. भरपूर आलं."

"चाल, बरं झालं," ती म्हणाली. "माह्यं चुकणं कोणाच्या तं कामी आलं."

झाड मी मारलं. तिला अजून सांगितलेलं नाही.