माझी आई आजारी आहे, तो झोपलाय

फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' असा भेदच नाही. बाई असो, बुवा असो, पाळण्यातलं पोर असो, सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'हॅन'. ही सोय काही अमेरिकेत येऊन वसलेल्या आमच्या कोइवुला गावच्या फिनिश लोकांनी शोधून काढली नव्हती. पण तिची शिक्षा मात्र आमच्याच पोरांनी भोगली.

लेम्पी केस्किनेन पहिल्यांदा शाळेत गेली ती खाणीच्या वस्तीत. तिचे वडील एइनो तेव्हा तांब्याच्या खाणीत उतरायचे. एकदा ती दोन दिवस शाळेत आली नाही, तेव्हा मास्तरीणबाईंनी कारण विचारलं. एवढीशी पोर, मोठ्या कष्टानं इंग्रजी जुळवत म्हणाली, "माझी आई आजारी आहे. तो झोपलाय." वर्ग हसला. हसू दे, पोरंच ती. पण बाईसुद्धा हसली, आणि तेवढ्यावर न थांबता तिनं लेम्पीला बाकावर उभं करून तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, मागच्या बाकांवर नीट ऐकू गेलं नव्हतं म्हणून. असल्या बाईला शाळेत ठेवतात आणि गाढवांना बाहेर बांधतात, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या दिवसापासून लेम्पीच्या तोंडाला कुलूप लागलं. घरी तिची जीभ गिरणीसारखी चालायची, पण शाळेचा उंबरा ओलांडला की दातखीळ बसायची. पुढे खाण बंद पडली. एइनोनं कोइवुलात झाडांच्या बुंध्यांनी भरलेली जमीन घेतली, आणि लेम्पी आमच्या एका खोलीच्या शाळेत आली. जुन्या शाळेनं निरोप धाडला होता, मुलगी मंद आहे. लिहिण्यात चूक नाही, गणितात चूक नाही, आणि म्हणे मंद.

खरी भीती होती आठवीची. आठवी झाली की तालुक्याच्या गावी परीक्षा, आणि त्यात तोंडी परीक्षा असायचीच. तिथं जो बोलला नाही त्याला हायस्कूलचं दार बंद. मग आमच्या मुलींच्या नशिबी एकच गोष्ट उरायची, शिकागोला जाऊन श्रीमंतांच्या घरी भांडी घासणं. लेम्पीची आई साइमा लग्नाआधी तेच करत होती. तिनं नवऱ्याला बजावलं होतं, काहीही होऊ दे, माझी मुलगी दुसऱ्याच्या मोरीत उभी राहणार नाही. पण मुलगी तोंडच उघडेना, तर आई तरी काय करणार?

अशात मिस ट्रेव्हॅरो आल्या. कॉर्निश, म्हणजे इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या घराण्यातल्या, खाणीतल्या मुकादमाची लेक. आमच्या माणसांनी असल्या मुकादमांच्या शिव्या खाऊन आयुष्य काढलेलं, त्यामुळे फिनिश आणि कॉर्निश म्हणजे सासू आणि सून. बाई उंच, हडकुळ्या, लांब नाकाच्या. शाळा समितीनं त्यांची राहायची सोय केस्किनेनांच्या घरी लावली, कारण दुसरं कोणी त्यांना घरात घ्यायला तयार नव्हतं.

पहिल्याच शनिवारी साइमानं खुणेनं सांगितलं, आंघोळ तयार आहे. बाई साबण-टॉवेल घेऊन निघाल्या. त्यांना वाटलं, टब असेल. दार उघडून बघतात तो सौना, म्हणजे आमचं लाकडी वाफघर, आणि त्या वाफेत शेजारपाजारच्या बायका जन्मल्या वेशात फळ्यांवर बसलेल्या, आणि बर्चच्या डहाळ्यांनी एकमेकींच्या पाठी झोडपतायत. बाई थोड्या वेळानं बिटासारख्या लाल होऊन बाहेर आल्या, बर्फात पायरीवर बसल्या, दम खाल्ला आणि विचारलं, "परत जाऊ का आत?" त्या दिवशी बायकांनी त्यांना आपलं म्हटलं.

शाळेच्या दारावर पाटी होती, आवारात फिनिश बोलू नये. बाईंनी पाटी काढली नाही. पण घरी जेवणं झाली की त्या टेबलाशी बसून लेम्पीकडून फिनिश शिकायला लागल्या. ही भाषा ऱ्हस्व-दीर्घाला फार कडक. मराठीत वेलांटी चुकली तर एखादा गुण जातो, इथं माणूस जायचा. 'तपान' असा लांब उच्चार केला तर 'मी भेटते', आणि आखूड 'तपन' म्हटलं तर 'मी जीव घेते'.

तर एका रविवारी, चर्च सुटल्यावर सगळ्या गावासमोर, बाई शाळा समितीचे अध्यक्ष निलो हारयू यांच्याकडे गेल्या. उद्या भेटायला येते, असं सांगायचं होतं. पाठ करून आल्या होत्या. आणि ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "उद्या मी तुमचा जीव घेते."

निलोकाकांनी टोपी काढली आणि शांतपणे उत्तर दिलं, "या की. पण गाईंचं दूध काढून झाल्यावर या."

अख्खं आवार पोट धरून हसलं. एकटी लेम्पी हसली नाही. हसण्यानं माणसाचं काय होतं ते तिला ठाऊक होतं. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. बाईंनी विचारलं, काय झालं? कोणीतरी सांगितलं. आणि बाई सगळ्यांपेक्षा जोरात हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग डोळे पुसून त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. आणखी एकदा म्हटलं, तेव्हा कुठे निलोकाकांचा जीव वाचला.

सोमवारी वर्गात बाईंनी स्वतःची फजिती स्वतःच सांगितली आणि नियम घातला. रोज एका मुलानं मला तुमच्या भाषेतलं एक वाक्य शिकवायचं. पाटीची काळजी करू नका, निलोकाकांशी माझं बोलणं झालंय. मी चुकणारच. "चुकीला हसायचं, पोटभर हसायचं," त्या म्हणाल्या. "पण हसून झालं की बरोबर काय ते सांगायचं, आणि मग मी पुन्हा म्हणणार. तुमच्या इंग्रजीलाही हाच नियम."

पोरांची चंगळ झाली. कोण वाट्टेल ते शिकवी. एका कार्ट्यानं तर बाईंच्या तोंडून स्वतःच्या बापाला बोकड म्हणवून घेतलं. पण लेम्पी गप्प ती गप्पच. बाईंनी तिला एकदाही उठवून उभं केलं नाही. साइमा मात्र रात्री कूस बदलत राहायची, परीक्षा जवळ येत होती.

बर्फ वितळायला लागलं होतं त्या सुमाराची गोष्ट. बाई फळ्याशी उभ्या राहून 'वारा' हा शब्द म्हणत होत्या आणि दर वेळी 'आग' म्हणत होत्या. पोरं हसून हसून दमली, बरोबर काय ते सांगायचंच विसरली. तेवढ्यात मागून इंग्रजीत आवाज आला, "लांब म्हणा. तुम्ही आखूड म्हणताय." सगळ्या माना वळल्या. लेम्पी बाकावर लालबुंद होऊन बसली होती.

दुसरी कोणी असती तर टाळ्या पिटल्या असत्या, पोरीला मिठी मारली असती आणि सगळं मुसळ केरात घातलं असतं. बाईंनी फक्त पुन्हा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "एवढं लांब?"

"अजून थोडं," लेम्पी म्हणाली.

परीक्षेला बाईच तिला घेऊन गेल्या. टेबलापलीकडे तालुक्याचे शिक्षणाधिकारी आणि त्यांचे मदतनीस. बाईंना दाराशी खुर्ची दिली होती आणि तोंड उघडायची मनाई होती. साहेबांनी सांगितलं, घरातल्या कोणाबद्दल तरी बोल.

"माझी आई राय धान्याचा पाव भाजते," लेम्पीनं सुरुवात केली. "तो पहाटे उठतो आणि..."

मदतनीस फिसकन हसला. साहेबांच्या मिशाही हलल्या. लेम्पी थांबली. दाराशी बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बाकावर उभी केलेली ती पोर, ते सगळं वर्ष, साइमाची झोप, सगळं तिच्या पुढच्या शब्दावर अडकलं होतं.

"तुमचं हसून झालं का?" लेम्पीनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, उर्मटपणा नव्हता. हसून झालं की पुढचं असतं, एवढंच तिला माहीत होतं. "झालं असेल तर बरोबर काय ते सांगा. मी पुन्हा म्हणते."

साहेब कानापर्यंत लाल झाले. "ती," ते म्हणाले. "ती उठते."

"ती पहाटे उठते," लेम्पी म्हणाली आणि पुढे बोलत राहिली. नंतरही चुकली, थांबली, सुधारली, आणि पास झाली.

त्या मुक्या पोरीनं पुढे काय केलं असेल? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. दिवसभर बोलायचा पगार. साइमाला ते इतकं भारी वाटायचं की ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटायची. लेम्पीनं गिडो नावाच्या इटालियन मुलाशी लग्न केलं, घरात इंग्रजी आली, मुलगी कॅरल तेवढीच एक भाषा घेऊन मोठी झाली. आमच्या गावाची पोरं शिकली आणि शिकली म्हणूनच निघून गेली. शाळा बंद झाली. निलोकाका गेले, एइनो गेला, साइमा गेली.

बाई मात्र कुठे गेल्या नाहीत. लग्न केलं नाही, कोइवुला सोडलं नाही. शेवटी वृद्धाश्रमात होत्या, तिथं लेम्पी दर गुरुवारी कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन जायची. दोघी फिनिशमध्ये बोलायच्या. बाईंचे ऱ्हस्व-दीर्घ शेवटपर्यंत सुधारले नाहीत. पण गावात दुसरं कोणी उरलंच नव्हतं, आणि लेम्पीला तिच्या आईची भाषा ऐकायला मिळायची ती फक्त या कॉर्निश म्हातारीच्या तोंडून, अशी मोडकीतोडकी. देवाची करणी.

एका वसंतात बाई वारल्या. चर्च भरलं होतं. लेम्पीनं उभं राहून इंग्रजीत चार शब्द सांगितले, कुठे अडली नाही, एक चूक केली नाही. लोकांनी हात हातात घेऊन सांगितलं, किती सुरेख बोललात. घरी येऊन ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली. गुरुवारच होता. कॉफी करावी की नाही, ते तिला सुचेना.

संध्याकाळी कॅरलचा फोन आला. तिनं विचारलं, "आई, कसं झालं सगळं?"

लेम्पी बोलायला लागली. बाईंच्या आवडीचं भजन, कोण कोण आलं होतं, आपण काय बोललो, सगळं भडाभडा सांगत सुटली. पलीकडून कॅरल हळूच म्हणाली, "आई, मला काहीच कळत नाहीये."

तेव्हा तिच्या लक्षात आलं, आपण फिनिश बोलतोय.

"काही नाही गं," लेम्पी इंग्रजीत म्हणाली. "छान झालं, एवढंच सांगत होते."