चाकाचा चिमटा

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी नलूमावशीच्या चाकांच्या खुर्चीचा एक चिमटा तुटला. पुढचं डावं चाक धरून ठेवणारा, तळहाताएवढा तुकडा. बाकी खुर्ची धडधाकट होती.

खुर्चीच्या कंपनीच्या सेवा केंद्रातल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “सुटा पार्ट येत नाही. नवीन खुर्ची घ्या.”

मावशी पलंगावरच राहिली. तिथून खिडकीतलं आभाळ दिसतं, रस्ता दिसत नाही. हा तुकडा विकायचा नाही, असं कुठल्यातरी कार्यालयात कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ठरवणाऱ्याला पलंग दिसत नाही. वस्तू मोडते, हे समजू शकतं. ती दुरुस्तच होऊ नये अशी तजवीज करणं म्हणजे माणसाला कोंडून ठेवणं आहे, आणि त्याला धंदा म्हणतात.

शेजारच्या शिरीषकडे टेबलावर मावणारं सीएनसी मशीन आहे. कॉम्प्युटरवर काढलेला आकार ते धातूतून कापतं. हौस म्हणून घेतलेलं. त्याने अ‍ॅल्युमिनियमचा चिमटा कापला, पण माप तुटलेल्या चिमट्यावरून घेतलं. त्याचं भोक झिजून वर सरकलं होतं, तेच नव्यात उतरलं. खुर्ची डावीकडे कलली.

“नव्या हाडाला जुना संधिवात कशाला दिलास रे?” मावशी म्हणाली.

दुसरा चिमटा त्याने उजवीकडच्या धड चिमट्यावरून कापला. तो नीट बसला.

दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रातून फोन आला. नवी खुर्ची कधी पाठवायची, ते मावशींनाच विचारायचं होतं. फोनवरच्या माणसाला सांगितलं, मावशी बाहेर गेली आहे.