'बरा म्हणजे कसा?' विचारणारा वसंता

शालिनीताई, गुडघा जिना चढू देतो का?
बंडूभाऊ, रात्री झोप लागते का?
सूनबाई, बाळाचा ताप उतरला का?

माझं विचाराल तर, मी जेवतो, फिरतो. आज मात्र घास उतरला नाही.

वसंता सकाळी गेला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरला फवारणी पंपांच्या कंपनीत तो कॉम्प्युटरवर बसायचा. काटोलला माझं दुकान, त्याच कंपनीची एजन्सी. घर तेवढ्यावरच चालायचं.

त्या सीझनला मोटरसायकलवरून पडलो. पाय मोडून नागपूरलाच धंतोलीत ॲडमिट. दुकानाला कुलूप. कंपनीकडून एकही पंप उचलला नाही.

तिकडे कंपनीत साहेबांनी वसंताला सांगितलं, "बेकार एजंटांची नावं काढून दे."
(हे त्यानंच मला नंतर सांगितलं.)

"बेकार म्हणजे कोन, साहेब? यंदा माल न उचलणारे, का कधीच न उचलणारे?"

"काहून डोकं खातो गा? मशीनले विचार ना."

"मशीन काय, म्हणाल ते छापते. त्या नावांचं तुमाले करायचं काय आहे?"

"एजन्सी काढून घ्यायची आहे."

"मंग दोन्ही काढू द्या. यंदाचे वेगळे, तीन वर्षांपासूनचे वेगळे."

साहेब हसले. "काढ बाबा."

माझं नाव पहिल्या कागदावर होतं. दुसऱ्यावर नव्हतं.
अशांना आधी कारण विचारायचं, असं ठरलं.

वसंतानं माझ्या शेजारच्या दुकानात फोन करून माझा पत्ता काढला. संध्याकाळी स्वारी सायकलवर दवाखान्यात. ना ओळख, ना पाळख. हातात संत्री.

"काय भाऊ, पंप काहून नाही उचलले?"

"पाय उचलत नाही, पंप कुठून उचलू?"

इतका हसला की नर्स रागावली. मग हळूच म्हणाला, "मशीनले प्लास्टर दिसत नाही ना भाऊ. म्हणून आलो."

एजन्सी राहिली. दोन्ही पोरी त्याच दुकानावर शिकल्या.

अन् तो आयुष्यभर येत राहिला. फोनवर "बरा आहे" म्हटलं की चिडायचा.
"बरा म्हणजे कसा? जेवण जाते का? झोप लागते का? नीट सांगत जा ना भाऊ!"

परवा त्याच्या खाटेजवळ मी विचारलं, "कसा आहे गा?"
"बरा..." म्हणाला, अन् स्वतःच हसला.
"जेवण जात नाही भाऊ. झोप लागते."

झोप वसंता, निवांत.

ग्रुपवरच्या बाकीच्यांनो, तुम्ही कसे आहात ते खाली लिहा. लवकर लिहा.
नुसतं "बरं आहे" चालणार नाही.