कांबोसच्या विहिरीतलं खारं पाणी

इसिदोर माळ्याचा जन्म त्या घराच्या तळमजल्यावरचा. वर मालक, खाली माळी, ही बेटावरच्या कांबोस या बागाईत भागाची जुनी रीत. खालच्या खोल्यांना दगडी कमानींचं छत. एका बाजूला संत्र्यांच्या पेट्या रचलेल्या, दुसऱ्या बाजूला त्याच्या आईची खाट. बाहेरून संगमरवरी जिना वर जायचा. घर एक थर तांबड्या दगडाचा, एक पिवळ्याचा, असं चढवलेलं. तुर्कांनी ते जाळलं होतं, पुढं साठेक वर्षांनी भूकंपानं वरचा मजला खाली आणला. दोन्ही वेळा मालकांनी त्याच दगडांनी ते पुन्हा उभं केलं. भोवतीची भिंत दोन पुरुष उंच, समुद्राचा वारा झाडांना लागू नये म्हणून.

पण घराचा जीव होता विहिरीत. खेचर रहाट ओढायचं, पाणी वेलींच्या मांडवाखालच्या हौदात पडायचं आणि तिथून पाटानं बागेतल्या संत्र्यांच्या चारशे झाडांच्या आळ्यांत जायचं. विहिरीत खोलवर तांबड्या दगडांचं एक कडं बसवलेलं होतं. इसिदोरचा बाप सांगायचा, "या कड्याखाली उतरायचं नाही. खाली समुद्र झोपलाय. त्याला झोपू द्यायचं."

खेचर गेलं, इंजिन आलं. बापही गेला. वर मालकांच्या घराण्यातल्या लुकियाबाई एकट्या उरल्या, डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन. खाली इसिदोर आणि त्याची बायको प्लुमी. मग ओळीनं तीन हिवाळे, म्हणजे तिथले पावसाळेच, कोरडे गेले. ऑगस्टात पाणी कड्याला टेकलं, पानांच्या सुरळ्या झाल्या. शेजारचा लेओनिस भिंतीपलीकडून ओरडला, "अरे, खाली खण की! बापाच्या गोष्टी पाजणार आहेस काय झाडांना?"

तीन दिवस इसिदोर विहिरीच्या काठावर बसून राहिला. चौथ्या दिवशी त्यानं दोन खोदणारे बोलावले. लुकियाबाईंना म्हणाला, "गाळ काढतोय."

दोन वर्षं बाग अशी लगडली, की फांद्यांना टेकू द्यावे लागले. तिसऱ्या वर्षी पानांची टोकं करपायला लागली. इसिदोरनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं. प्लुमी त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"खारं?"

"खारं."

"बाईंना सांग."

"सांगतो."

सांगितलं नाही. खणलेलं त्यानं चिकणमातीनं बुजवलं, पाइप वर घेतला. पण एकदा वर आलेला समुद्र काही मागं सरेना. बाईंच्या कॉफीसाठी तो रोज चर्चजवळच्या नळावरून गोडं पाणी आणू लागला.

पुढच्या वसंतात बाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या. "इसिदोर, एप्रिल उलटत आला ना रे?"

"हो, बाईसाहेब."

"मग बहराचा वास कसा नाही?"

इसिदोरनं समोर पाहिलं. काटक्यांचं रान उभं होतं. "वयाचं आहे, बाईसाहेब. बहर तर यंदा उदंड आलाय."

"डोळे गेलेच होते, आता नाकही गेलं म्हणायचं." बाई हसल्या, पण मग नाकावरून बोटं फिरवत राहिल्या. ते त्याला बघवेना. तो डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालत गेला आणि परक्याच्या बागेतून एक फुलांची डहाळी तोडून आणली. म्हणाला, "जवळून बघा, बाईसाहेब. येईल."

बाईंनी डहाळी नाकाशी धरली.

"आला," त्या हळूच म्हणाल्या. "चांगला आला. माझं नाक शाबूत आहे, इसिदोर."

बाईंनी डहाळी मांडीवर ठेवली.

"बागेत किती झाडं जिवंत आहेत?"

"अकरा."

"कड्याखाली गेलास?"

"झाडं मरत होती, बाईसाहेब."

"जळलेलं घर आम्ही बांधलं. पडलेलंही बांधलं," बाई म्हणाल्या. "याचं काय करायचं, तू सांग."

त्या रागावल्या नाहीत, त्याला काढूनही टाकलं नाही. एवढंच, की दुसऱ्या दिवसापासून कॉफी विहिरीच्याच पाण्याची हवी म्हणाल्या. प्लुमीनं हातापाया पडून पाहिलं. बाई ती खारट कॉफी रोज सकाळी तळापर्यंत पीत, आणि कप खाली न्यायला इसिदोरच हवा असे. ऑक्टोबरात त्या गेल्या.

पिरेअस बंदराहून त्यांचा पुतण्या आला. घर उतरवून दगड विकायचे ठरले होते. तो दारावरची कोरीव चौकट मोजत होता. मोजता मोजता म्हणाला, "झाडं कशानं गेली हो?"

"माझ्यामुळं," इसिदोर म्हणाला. "मी कड्याखाली खणलं. मीच मारली."

"बरं, बरं," पुतण्या म्हणाला. "जरा ही फीत त्या टोकाला धरा."

इसिदोरनं फीत धरली.