मावशी आणि टोपलीवाली

माझ्या मावशीइतकी निर्भयपणे घाबरणारी व्यक्ती अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांच्या मध्ये कुठेही सापडणार नाही. पॅथॉलॉजिस्ट म्हणून तिने आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी ओळखल्या, भल्याभल्या सर्जनांना "नमुना नीट काढून पाठवा" असं सुनावलं. आणि निवृत्तीनंतर वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, जंगलाला लागून घर घेऊन ती राहिली ती चक्क टोपलीवालीच्या धाकात. टोपलीवाली म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या कथांमधली अवाढव्य वनस्त्री. पाठीवर टोपली घेऊन हिंडणारी, चुकार मुलांना उचलून नेणारी. शेजारच्या आजी त्याच लोकांपैकी. त्यांनी ही कथा सांगितली आणि मावशीने तिची नियमावली केली. जंगलात शीळ घालायची नाही. शिरताना आपलं नाव, माहेर, सासर मोठ्याने सांगायचं. मराठी मंडळाची सहल आली तेव्हा तिने पंधरा जणांना पायवाटेच्या तोंडाशी रांगेत उभं केलं. "हा काय व्हिसा इंटरव्ह्यू आहे का?" एका काकांनी विचारलं. "त्याहून कडक. इथे अपील नाही," मावशी म्हणाली.

एकदा तिच्या मनात आलं, बाई रिकामी टोपली घेऊन दारावरून जाते आणि आपण तिची ओटीही भरत नाही! तिने एका देवदाराच्या मुळाशी खण, तांदूळ, गूळ आणि नारळ ठेवला. ओटी अस्वलाने घेतली, आणि पुढचे आठ दिवस ते उरलेल्या मानपानाच्या चौकशीला येत राहिलं. शेजारच्या आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "खायला काही ठेवू नकोस. जाऊन नुसती गप्प बस. तेवढं पुष्कळ झालं." तेव्हापासून, स्लाइड बघतानाही जिची बडबड थांबली नव्हती, ती बाई रोज तासभर जंगलात मौन धरून बसू लागली.

माझ्या मावसभावाला मात्र यातलं काहीच गमतीचं वाटत नव्हतं. तो दुसऱ्या किनाऱ्याकडच्या कॅरी शहरातून फोनवर म्हणाला, "तिचे डोळे गेलेत यार. तू फॉरेस्ट इकॉलॉजिस्ट आहेस, जाऊन ऑब्जेक्टिव्हली बघ. सेफ असेल तर राहू दे. नसेल तर घर विकून मी तिला इकडे आणतो." म्हणजे मावशीचं घर माझ्या निष्कर्षावर अवलंबून होतं. मावशीलाही ते ठाऊक होतं. "ये, परीक्षक बाई," असं म्हणत तिने दार उघडलं.

दुपारी आम्ही जंगलात गेलो. मी मागून तिची पावलं तपासत होते. दोन मैलांत ती एकदाही अडखळली नाही, मी तीनदा. मग एका आडव्या पडलेल्या खोडावर आम्ही बसलो. भोवती शेवाळाने मढलेले देवदार इतके उंच गेले होते की शेंडे दिसत नव्हते, आणि उजेड हिरवा होऊन खाली झिरपत होता. अशा झाडांचं वय कसं काढायचं, हे मला शिकवलेलं आहे. त्यांच्यासमोर बसल्यावर आपलं वय किती उरतं, हे कोणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात मावशीने माझं मनगट धरलं.

"ती बघ. उभी आहे."

समोर एक जळका बुंधा होता. खांद्यांसारखं शेवाळ, पाठीवर नेच्यांचा भारा.

"मावशी, तो बुंधा आहे गं."

"हो? मग तू कुजबुजतेस कशाला?"

माझ्या अंगावर काटा आला होता, आणि नजर हटवायचं धाडस होत नव्हतं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. "हाऊ बॅड इज इट?" मी जे निरीक्षण केलं होतं तेच सांगितलं: वीस पावलांवरचा बुंधा तिला माणूस वाटला. काटा आल्याचं सांगितलं नाही. ते मोजता आलं नसतं. मावशी ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिने सगळं ऐकलं, आणि माझ्यासाठी चहा टाकला.

आता ती कॅरीला असते. मी दर रविवारी फोन करते. तिथेही घरामागे झाडं आहेत ना, असं मी परवा उगाच विचारलं.

"आहेत गं. उंचही आहेत," ती म्हणाली. "फक्त त्यांच्यात कोणी उभं नसतं."