आखूड पंखांचा तुडतुडा

"नर दाखवा, मग बोला," असं ताई सगळ्यांना ऐकवायची. कीटकसंग्रहालयाच्या मागच्या खोलीत तिचं उभं आयुष्य तुडतुडे ओळखण्यात गेलं. तांदळाच्या दाण्याहून लहान जीव. माद्या सगळ्या एकीसारखी दुसरी. जात कळते ती नराच्या शेपटाशी असलेल्या, गळासारख्या वाकड्या बारीकशा आकड्यावरून. म्हणून नर हाती लागल्याशिवाय ती तोंड उघडायची नाही. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे भावजयीला चिडवायला आयतंच सापडायचं. "वन्सं, आम्ही दाखवले तेवढे नर तुम्ही टाचणीला टोचून परत पाठवलेत!" ताईही हसायची.

तिचा धाकटा भाऊ खाऱ्या दलदलीच्या बांधावर राहायचा, खेकडे धरायचा. भरतीचं पाणी गवतात शिरलं की त्याच्या उंबऱ्यापासून आभाळ सुरू झाल्यासारखं वाटे. त्या दलदलीवर भराव घालून जहाजांसाठी धक्का बांधायचं ठरलं. बांधावरच्या लोकांना लांबच्या चाळीत खोल्या देऊ केल्या. घ्या, नाहीतर सोडा. आशा एकच होती. दुसरीकडे कुठेच नसलेला जीव त्या गवतात सापडला, तर काम थांबणार होतं. तपासणीचे किडे आले ते ताईच्याच टेबलावर.

कुपीत नुसत्या माद्या होत्या, पण पंख आखूड, अर्ध्या पाठीवरच संपलेले. त्या किनाऱ्यावरचा नेहमीचा तुडतुडा लांब पंखांचा. एकाच जातीत दोन्ही तऱ्हेचे पंख निघतात, हे तिने इतर तुडतुड्यांत कितीदा पाहिलं होतं. त्या दिवशी मात्र तिला ते आठवायचंच नव्हतं.

भाऊ चिखलाच्या पायांनी दारात उभा होता. "ताई, वेगळा आहे ना गं?"

थांब, नर येऊ देत, असं म्हणायला हवं होतं. पण हाच भाऊ कधीकाळी तिचं बोट धरून चालायला शिकला होता.

"वेगळाच दिसतोय," ती म्हणाली.

त्याला तेवढं पुरलं. त्याने छातीठोकपणे खोली नाकारली. शेजारी एकेक करून सामान बांधून गेले, चाळ भरली. हा मात्र छपराला नवे पत्रे ठोकत बसला.

मग पुढच्या खेपेचे किडे आले, आणि त्यांत नर होते. आखूड पंखांचे आणि लांब पंखांचेही. ताईने शेपटाचा भाग सोडवला, कॉस्टिक सोड्याच्या कोमट पाण्यात पारदर्शक होऊ दिला, ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला. सूक्ष्मदर्शकात आधी आखूड पंखवाल्याचा आकडा पाहिला, मग लांब पंखवाल्याचा. दोघांचा आकडा एकच. तोच नेहमीचा, किनाऱ्यावर कुठेही मिळणारा तुडतुडा. गवत हिरवं आणि भरपूर असलं की त्याला उडून जायची गरज पडत नाही, पंख आखूडच राहतात. ज्याला घर सोडावं लागतं, त्यालाच लांब पंख फुटतात.

निकाल लिहून दिल्यावर सांगायला ती स्वतः बांधावर गेली. भाऊ छपरावर होता. तिने खालूनच सांगितलं. त्याचा हातोडा थांबला.

"तूच म्हणालीस ना वेगळा आहे म्हणून?"

"नर न बघता बोलले रे. चुकले."

"मग आता तेच चालू दे. त्या भिंगातून तुझ्याशिवाय बघतं कोण? कुणाला कळणार आहे?"

"मीच बघते ना," ताई म्हणाली. "निकाल लिहून दिलाय. माझ्याकडे या राहायला. दोन खोल्या आहेत."

"आणि खेकडे काय तुझ्या मोरीत धरू?" त्याने पत्र्यावर खिळा टेकवला. "जा तू."

ताई वळली. लांबवर भरावाची पहिली माती ओतायला सुरुवात झाली होती. बांध अरुंद, दोन्हीकडे गवत, आणि तिच्या पावलागणिक त्यातून बारीक बारीक जीव उडी मारून पुन्हा गवतातच बसत होते. तिने खाली पाहिलं नाही. छपरावर हातोडा पुन्हा सुरू झाला. भावाने मान वर केली नाही. भावजय मात्र ओले हात तसेच घेऊन दारात उभी राहिली, वन्सं बांधाच्या टोकाला दिसेनाशा होईपर्यंत. हाक मारावी असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने ती मारली नाही.