खोट सांगून विकणारी बाई

फोल्डिंग टेबलामागे बसलेली बाई दिसली की ती गरजूच असणार, हे तुम्हाला कोणी शिकवलं? मंडळाच्या हळदीकुंकवाला अहिल्याताईंना कोपऱ्यात घेऊन "संजीवची नोकरी ठीक आहे ना?" असं विचारणाऱ्यांनो, तुम्हालाच विचारतेय.

ताईंच्या नवऱ्याची, संजीवरावांची, नोकरी उत्तम आहे. गेली ती अहिल्याताईंची. मूळच्या नागपूरच्या, इथे अमेरिकेत, फ्रिस्कोत, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि तोंडावर सांगायच्या, याचाच पगार घ्यायच्या. पन्नाशी उलटल्यावर कंपनीनं एका व्हिडिओ कॉलवर घरी बसवलं.

घरी बसणं जमेना. गराज आवरताना मुलाचा, कुशचा, बेसबॉल कार्डांचा खोका सापडला. खेळाडूंचे फोटो छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे. जुने असले की अमेरिकन माणूस त्यांच्यावर जीव टाकतो. ताई खोका घेऊन एका कार्ड शोला, म्हणजे अशा कार्डांच्या बाजाराला, गेल्या. तिथल्या विक्रेत्यानं वरवर चाळून म्हटलं, "कचरा आहे, तरी घेतो."

"कचरा आहे तर घेतोस कशाला?" म्हणत ताई खोका काखोटीला मारून परत आल्या. मग वाचलं, पाहिलं, चार ठिकाणी फसल्या, शिकल्या. आणि त्याच शोमध्ये स्वतःचं टेबल घेतलं.

शो म्हणजे हायवेजवळच्या हॉटेलचा हॉल, महिन्यातला दुसरा शनिवार. ताई फक्त जुनी कार्डं ठेवायच्या, आपल्या आईवडिलांच्या तरुणपणातली. प्रत्येकाच्या प्लास्टिकच्या पाकिटावर एक पिवळी चिठ्ठी: 'वरचा कोपरा दुमडलेला. मागे च्युइंगगमचा डाग. रबरबँड बांधल्याची खूण.' टेस्टरची सवय, दुसरं काय. लोक आधी हसले, मग त्यांच्याच टेबलाभोवती जमू लागले. आणि तिथून निघालेलं गिऱ्हाईक पुढच्या टेबलावर जाऊन विचारायला लागलं, "याच्यात काय खोट आहे?"

बाकीच्यांच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मार्चच्या शोला मी ताईंसोबत होते. एक आजोबा शेजारच्या वेड नावाच्या विक्रेत्याकडून घेतलेलं कार्ड घेऊन आले. "मॅडम, जरा बघता?" ताईंनी आपल्याकडचं, त्याच मालिकेतलं कार्ड त्यावर ठेवलं. आजोबांचं एका बाजूनं केसभर आखूड. झिजलेली कड ब्लेडनं कापून नवी केलेली.

"वेडनं कापलंय असं मी म्हणत नाही," ताई म्हणाल्या. "पण कापलेलं आहे. परत करा."

वेडनं ते परत घेतलं आणि तडक शो भरवणाऱ्या रँडीला घेऊन आला. रँडी भारी गोड बोलतो. "अहिल्या, तुझ्या चिठ्ठ्यांमुळे हॉलचं वातावरण बिघडतंय. पुढच्या वेळी चिठ्ठ्या नकोत. नाहीतर टेबल देता येणार नाही."

"वातावरण चिठ्ठीनं बिघडतं की ब्लेडनं?"

"शो माझा आहे."

"माल माझा आहे."

संजीवराव खोके उचलायला आले होते. मराठीत कुजबुजले, "अगं, काढून टाक ना यार. तोंडी सांग हवं तर. हॉबीसाठी कशाला भांडतेस?"

"गुढीपाडव्याची सुट्टी मागायला घाबरतोस तू, मला नको शिकवू," ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "आणि हॉबी काय रे? नोकरी गेल्यापासून या टेबलाशिवाय मला कोणी काही विचारायला आलंय का कधी?"

रँडीला शब्द कळले नाहीत, सूर कळला असावा. तो जरा मागे सरकला.

टेबल गेलं तर काय जाणार, हे ताईंना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांनी सगळी कार्डं खोक्यात भरली, चिठ्ठ्यांसकट. पॅडमधली एक कोरी चिठ्ठी काढून लिहिलं आणि रिकाम्या टेबलावर चिकटवली: 'टेबल चांगलं आहे. शो भरवणारा भित्रा आहे.'

टेबल गेलं. आपल्याच दोन बायका म्हणाल्या, "चला, बसली एकदाची घरी. परक्या देशात कशाला वाकडं घ्यायचं?" परका कसला? टॅक्स भरताना नाही वाटत परका.

आणि बसतेय कुठली घरी. एप्रिलच्या शनिवारी ताईंनी दारात तिकीट काढलं आणि गिऱ्हाईक म्हणून आत शिरल्या. आता हाकल म्हणावं. एकेका टेबलापाशी थांबायच्या, एक कार्ड उचलायच्या आणि हसून विचारायच्या, "याच्यात काय खोट आहे?" वेडपाशी तर मुद्दाम मोठ्यानं. आजूबाजूच्यांनी कान टवकारले. वेडचे गाल लाल. शेवटी पुटपुटला, "कोपरा थोडा मऊ पडलाय."

"थँक यू," ताई म्हणाल्या, आणि ते कार्ड विकत घेतलं.

रँडी आता वाट बघतोय की बाई कंटाळेल. एकटी किती दिवस विचारेल, असा त्याचा हिशेब आहे, आणि तुम्ही सोफ्यावर बसून राहिलात तर तो बरोबरही ठरेल. म्हणून सांगते. बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिकीट काढून आत या, समोर येईल त्या टेबलापाशी थांबा, आणि मान खाली न घालता तेवढं एक विचारा.